वृक्षाची पाहुणी

वैशाख महिना संपत आलेला असतो. सिल्लोडच्या माळावर ऊन रणरणत असते. काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या असतात, विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि कपाशीच्या व मक्याच्या रानांत ढेकळे व धसकटे यांखेरीज काही दिसत नाही. अशा दिवसांत एखाद्या जुन्या आंब्याच्या खोडाकडे निरखून पाहिले, तर कधी कधी एक नवल दृष्टीस पडते. जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर, खडबडीत सालीला बिलगून, एक लहानसे रोप उभे असते. त्याच्या बुडाशी मातीचा कणही नसतो. करड्या रंगाच्या जाड मुळ्या सालीवरून सापासारख्या वळत गेलेल्या असतात. काही तर हवेतच लोंबत असतात. पाने वीतभर लांब, चामड्यासारखी जाड आणि हिरवीगार असतात. खाली सारे रान करपलेले असताना हे रोप मात्र जीव धरून असते.

हे काय आहे, असे कोणास विचारले तर बहुधा उत्तर मिळते, "बांडगूळ आहे ते. झाडाचा रस शोषून घेते. काढून टाकलेले बरे." आणि पुष्कळदा कोयत्याच्या एका घावासरशी ते रोप खाली येते.

मुलांनो, 'बांडगूळ' हा शब्द आपल्या भाषेत चांगल्या अर्थाने वापरला जात नाही. स्वतः कष्ट न करता जो दुसऱ्याच्या जिवावर जगतो, त्यास आपण बांडगूळ म्हणतो. म्हणजे या रोपावर एक आरोप ठेवला गेला आहे, आणि त्याबद्दल त्यास देहान्ताची शिक्षाही दिली जात आहे. आरोप खरा की खोटा, हे तपासल्यावाचून शिक्षा देणे न्यायाचे नव्हे. म्हणून आज आपण हा तपास करू.

प्रथम खरे बांडगूळ कसे असते ते पाहू. आंब्याच्या शेंड्याकडील फांद्यांवर, मूळच्या पालवीहून वेगळ्या दिसणाऱ्या पानांचा एक दाट झुबका पुष्कळ ठिकाणी आढळतो. त्यास नळीसारखी, नारिंगी छटेची फुले येतात आणि नंतर लहान लहान रसाळ फळे धरतात. फुलटोचा नावाचा चिमुकला पक्षी ही फळे आवडीने खातो. फळातील बी अतिशय चिकट असते. ते पक्ष्याच्या चोचीवाटे किंवा विष्ठेवाटे दुसऱ्या फांदीवर जाऊन चिकटते व तेथेच रुजते. रुजलेल्या बीमधून एक पाचरीसारखा अवयव निघतो, साल भेदून लाकडात शिरतो आणि वृक्षाने जमिनीतून वर आणलेले पाणी व क्षार परस्पर ओढून घेऊ लागतो. जेथे तो शिरतो तेथे फांदीवर मोठी गाठ येते. त्या गाठीच्या पुढील फांदी हळूहळू अशक्त होते आणि शेवटी वाळते. बांडगुळास हिरवी पाने असतात, म्हणून आपले काही अन्न ते स्वतः तयार करते. परंतु पाणी मात्र सर्वस्वी चोरीचे. अशा वनस्पतीस शास्त्रज्ञ परोपजीवी म्हणतात. बागाईतदार बांडगुळाची फांदी वेळीच छाटून टाकतो, आणि ते योग्यच आहे.

आता खोडावरच्या त्या दुसऱ्या रोपाकडे वळू. त्याची मुळी लक्षपूर्वक पाहा. ती सालीच्या खाचाखोचांत घट्ट बसलेली असते, पण साल भेदून आत शिरलेली नसते. तेथे गाठ नाही, भोक नाही, व्रण नाही. ज्या फांदीवर हे रोप वर्षानुवर्षे बसलेले असते, त्या फांदीचा शेंडा तितकाच टवटवीत असतो आणि तिला मोहोरही इतर फांद्यांसारखाच येतो. या रोपाने वृक्षापासून घेतले काय? केवळ बसण्यापुरती जागा! भिंतीच्या कोनाड्यात एखादी चिमणी घरटे बांधते, म्हणून ती भिंतीच्या विटा खाते असे आपण म्हणत नाही. जी वनस्पती दुसऱ्या वनस्पतीवर नुसती राहते, तिच्यापासून अन्नपाणी घेत नाही, तिला अपिवनस्पती असे नाव आहे.

या रोपाचे आपल्याकडील नाव रास्ना. इंग्रजीत ज्यांना ऑर्किड म्हणतात आणि मराठीत आमरी, त्या मोठ्या कुळातील ही एक जाती आहे. या कुळाचा विस्तार विलक्षण आहे. जगात आमरींच्या सुमारे २८,००० जाती असून त्यांपैकी १,२०० हून अधिक भारतात आढळतात. बहुतेकींना दमट, पावसाळी अरण्ये प्रिय आहेत. म्हणून सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर त्यांची गर्दी असते. सीतेची वेणी नावाची सुंदर आमरी तिकडचीच. तिच्या फुलांचा लोंबता घोस खरोखरच वेणीसारखा दिसतो. आसामचे राज्यपुष्प म्हणून तिला मान आहे आणि तेथील मुली बिहूच्या उत्सवात ती केसांत माळतात. रास्ना मात्र या नाजूक कुळातील मोठी काटक लेक आहे. जेथे वर्षातील आठ महिने आभाळ कोरडे असते, अशा पानगळीच्या रानांतही ती तग धरते. म्हणूनच भारताच्या बहुतेक सर्व प्रदेशांत आंबा, मोह, जांभूळ, बाभूळ अशा खरखरीत सालीच्या वृक्षांवर ती भेटते. या कुळाचे नाव आमरी असल्यामुळे कित्येकदा अमरवेलीशी तिची गल्लत होते. अमरवेल ही झुडपांवर पसरणारी, पिवळ्या दोऱ्यांसारखी, पाने नसलेली वेल. ती पुरती परोपजीवी आहे आणि आमरीशी तिचे काहीही नाते नाही.

येथे तुमच्या मनात प्रश्न येईल की, जमिनीवर एवढी जागा असताना या वनस्पतीने झाडावर चढून बसावेच कशास? त्याचे उत्तर उजेडात आहे. वनस्पती आपले अन्न सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने तयार करते. दाट रानात मोठ्या वृक्षांच्या छायेखाली जमिनीपर्यंत उजेड फारच थोडा पोहोचतो, आणि जो पोहोचतो त्यासाठी गवत, वेली व झुडपे यांची चढाओढ चाललेली असते. उंच खोड वाढवून वर जावे, तर त्यासाठी लाकूड तयार करण्यात वर्षामागून वर्षे खर्ची पडतात. अपिवनस्पतीने निराळा मार्ग शोधला. ती जन्मतःच उंचावर राहू लागली. उजेडाचा प्रश्न सुटला. परंतु या जगात कोणतीही सोय मोलावाचून मिळत नाही. वर उजेड आहे, पण माती नाही. आणि माती नाही म्हणजे पाण्याचा साठाही नाही. पावसाची सर येते, साल भिजते आणि तासाभरात पुन्हा कोरडी ठणठणीत होते. जमिनीवरच्या रोपास विहीर आहे असे मानले, तर झाडावरच्या या रोपास केवळ वाटसरूच्या ओंजळीएवढे पाणी मिळते. एवढ्यावर उन्हाळा काढावयाचा!

रास्नेने हे कसे साधले, ते तिच्या मुळ्यांवरून समजते. कोरड्या दिवसांत तिची मुळी पांढुरकी दिसते. मुळीच्या मूळ गाभ्याभोवती मृत पेशींचे एक जाड आवरण असते. या पेशी आतून पोकळ असून त्यांत हवा भरलेली असते. म्हणून तो पांढरेपणा. पावसाचे थेंब पडताच टीपकागदाने शाई टिपावी तसे हे आवरण पाणी टिपून घेते. पाहता पाहता पांढरी मुळी हिरवट होते, कारण पाण्याने आवरण पारदर्शक होऊन आतील हरितद्रव्य बाहेरून दिसू लागते. होय, रास्नेची मुळीसुद्धा हिरवी असते आणि पानाप्रमाणेच थोडे अन्न तयार करते. टिपलेले पाणी मग सावकाश आत शोषले जाते. सर थांबल्यावर साल वाळली, तरी मुळीच्या आवरणात काही काळ ओल राहते, आणि आवरण वाळल्यानंतर तेच आवरण गाभ्याला उन्हापासून जपते.

या मुळीचा आणखी एक गुण सांगण्याजोगा आहे. पावसाची पहिली सर येते तेव्हा ती वृक्षाच्या पानांवरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, कुजलेल्या पाचोळ्याचा अंश असे सर्व काही धुऊन खाली आणते. त्या पहिल्या पाण्यात क्षार सर्वांत अधिक असतात; पुढचे पाणी तुलनेने निवळ असते. रास्नेची मुळी कोरडी असल्यामुळे ती नेमके तेच पहिले पाणी टिपून घेते. वृक्षाच्या अंगावरून वाहून जे वाया जाणार, त्यावर तिची उपजीविका चालते. वृक्षाच्या ताटातील घास ती घेत नाही.

पाणी मिळवणे जेवढे महत्त्वाचे तेवढेच ते राखणेही. सर्व वनस्पतींच्या पानांवर अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. या रंध्रांतून हवेतील कार्बन डाय ऑक्साइड वायू आत येतो, आणि त्याच दाराने आतील पाणी वाफ होऊन बाहेर निसटते. बहुतेक वनस्पती ही दारे दिवसा उघडी ठेवतात. रास्ना उलट करते. तिची रंध्रे मुख्यत्वे रात्री, हवा थंड झाल्यावर उघडतात. रात्री आत घेतलेला वायू ती आम्लाच्या रूपाने पानांत साठवते, आणि सकाळी दारे मिटून घेऊन त्या साठ्यातून, सूर्यप्रकाशात, आपले अन्न तयार करते. निवडुंग आणि अननस यांचीही रीत हीच आहे. तिची पाने जाड व मेणचट असल्यामुळे पाण्याची आणखी बचत होते. शिवाय ती मध्यभागी पन्हळीसारखी दुमडलेली असल्यामुळे त्यांवर पडलेला थेंब ओघळून खोडाकडे व मुळ्यांकडे जातो.

इतक्या काटकसरीने राहणाऱ्याची वाढ मंद असणार हे उघडच आहे. रास्नेचे खोड एकटे, सरळ वर वाढत जाते. शेंड्यातून एक पान उजवीकडे, एक डावीकडे अशी पानांची दुहेरी रांग निघते. खालची पाने कालांतराने गळतात आणि त्यांच्या बगलेतून नव्या मुळ्या फुटतात. सारी वाढ झाली तरी खोड साधारणतः ३० ते ६० सेंटिमीटर इतकेच. बी रुजल्यापासून पहिले फूल येईपर्यंत कित्येक वर्षे जातात. तेव्हा, कोयत्याच्या एका घावाने आपण जे खाली पाडतो, ते कदाचित तुमच्याएवढ्याच वयाचे असते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आणि ते फूल! उन्हाळा सरत असताना व पावसाच्या आरंभी रास्ना प्रामुख्याने फुलते. पानांच्या बगलेतून एक दांडा निघतो आणि त्यावर पाच-दहा फुले लागतात. फूल चारपाच सेंटिमीटर रुंदीचे असते. त्याच्या पाकळ्या बाहेरून पांढऱ्या, आतून पिवळसर हिरव्या असून त्यांवर तपकिरी रेषांची चौकटीचौकटींची नक्षी असते. मधली पाकळी मात्र आगळीच, जांभळ्या-निळ्या रंगाची असते. तिला ओष्ठ म्हणतात. येणाऱ्या कीटकास उतरण्यासाठी मांडलेला तो जणू पाटच होय. फुलास गोड सुवासही असतो.

आमरीच्या फुलातील पराग इतर फुलांप्रमाणे सुटा, पिठासारखा नसतो. तो घट्ट गोळ्यांच्या रूपाने असून त्यास खाली एक चिकट चकती असते. कीटक फुलात डोके घालून परत निघाला की ती चकती त्याच्या अंगास चिकटते, आणि परागाचे गोळे घेऊनच तो दुसऱ्या फुलाकडे जातो. या व्यवस्थेचे आश्चर्य वाटून चार्ल्स डार्विन या थोर शास्त्रज्ञाने १८६२ साली आमरींच्या परागीभवनावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. योग्य कीटक न आला तर आमरीस फळ धरणे बहुधा अशक्य होते. आइस्क्रीममध्ये जिचा सुवास तुम्ही घेता, ती व्हॅनिला हीसुद्धा एक आमरीच. वेलीच्या रूपाने वाढणारी. तिचे मूळ स्थान मेक्सिको. हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर ती नेऊन लावली, तेव्हा वेल वाढला, फुले आली, पण शेंगा धरीनात, कारण तिकडचा कीटक इकडे नव्हता. मोठमोठे जाणते लोक थकले. शेवटी १८४१ साली एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या एका गुलाम मुलाने, बांबूची बारीक काडी व अंगठा यांच्या साहाय्याने फुलातील पडदा बाजूस सारून परागीभवन करण्याची युक्ती शोधून काढली. जगभर व्हॅनिलाची लागवड आजही बहुतांशी त्याच रीतीने, हातांनी केलेल्या परागीभवनावर चालते. वयाने लहान आणि स्थितीने पराधीन असलेल्या त्या मुलाजवळ एकच साधन होते. ते म्हणजे बारकाईने पाहणारी दृष्टी.

परागीभवन झाले की रास्नेस बोटासारखे लांबट बोंड धरते. पिकल्यावर ते उकलते आणि त्यातून धुळीसारखे असंख्य बी वाऱ्यावर उडते. येथे या कथेतील सर्वांत नाजूक भाग येतो. हरभऱ्याचा दाणा भिजत घातला तर तो कोंब काढतो, कारण आईने दिलेली शिदोरी त्याच्या डाळिंब्यांत असते. आमरीच्या बीजवळ अशी शिदोरी जवळजवळ नसतेच. ते इतके हलके असते, त्याचे कारणही हेच. मग ते रुजते कसे? नोएल बर्नार या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ साली याचा उलगडा केला. सालीच्या भेगांत राहणारी एक प्रकारची सूक्ष्म बुरशी त्या बीमध्ये शिरते आणि बीमधील अंकुर त्या बुरशीपासून आपले पहिले अन्न मिळवतो. पुढे १९२२ साली अमेरिकेतील लुइस नड्सन यांनी साखर व क्षार यांच्या मिश्रणावर, बुरशीवाचूनही, काचेच्या नळीत हे बी रुजवून दाखवले. आज बाजारात दिसणारी असंख्य आमरीची रोपे याच शोधाची फळे आहेत. परंतु रानात काचेची नळी नसते. लक्षावधी बियांपैकी एखादे बी खरखरीत सालीच्या नेमक्या भेगेत पडावे, तेथे ती बुरशी असावी, पाऊस वेळेवर यावा, तेव्हा कोठे एक रास्ना जन्मास येते.

म्हणजे आपल्या तपासात एक गोष्ट कबूल करावयास हवी. रास्ना अगदी लहानपणी परावलंबी असते. पण ती वृक्षावर नव्हे, बुरशीवर. लहानपणी कोण परावलंबी नसतो? मोठी झाल्यावर मात्र पाणी, क्षार आणि अन्न ती आपल्या कष्टाने मिळवते. वृक्षाकडून चोरी केल्याचा आरोप तिच्यावर सिद्ध होत नाही.

मग हा आरोप आला कोठून? त्याचे मूळ भाषेत आहे. संस्कृतात 'वन्दा' असा एक शब्द आहे. झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीस तो लावला जाई. जुन्या संस्कृत कोशांत त्याला जे प्रतिशब्द दिले आहेत, त्यांत 'वृक्षरुहा' आणि 'वृक्षादनी' हे दोन्ही आढळतात. वृक्षरुहा म्हणजे वृक्षावर वाढणारी, आणि वृक्षादनी म्हणजे वृक्षास खाणारी. पाहा, दोन अगदी भिन्न गोष्टी एकाच ओळीत येऊन बसल्या! जी झाडावर राहते ती झाडास खातेच, असे गृहीत धरले गेले. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याचे न्यायाधीश व संस्कृतचे अभ्यासक सर विल्यम जोन्स यांनी हा शब्द या आमरीस लावला. त्याच सुमारास, १७९५ साली, विल्यम रॉक्सबर्ग यांनी तिचे वर्णन व चित्र प्रसिद्ध केले, आणि फुलावरील चौकटींवरून तिला 'टेसेलाटा' म्हणजे चौकटीची, असे नाव दिले. पुढे १८२० साली रॉबर्ट ब्राउन यांनी 'व्हँडा' हे नाव शास्त्रात रूढ केले. आज जगातील सर्व वनस्पतिशास्त्रज्ञ आपल्या या रास्नेस व्हँडा टेसेलाटा म्हणून ओळखतात. आपला एक शब्द जगभर गेला, याचा अभिमान वाटावा. पण त्याबरोबर तो जुना गैरसमजही शब्दाच्या पोटात बसून राहिला, हेही विसरू नये.

'रास्ना' या नावाचीही अशीच गंमत आहे. वैद्यकात रास्ना प्रसिद्ध आहे. परंतु निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पतींची मुळे या एकाच नावाने वापरली जातात. बंगालकडे ही आमरी, दक्षिणेकडे कुलिंजनाच्या जातीची एक वनस्पती, तर उत्तरेकडे एक तिसरीच. नाव एक, वस्तू तीन. म्हणून शब्द ऐकून थांबू नये. ज्या वस्तूसाठी तो शब्द आला, ती वस्तू पाहावी.

रास्नेवर आज दोन संकटे आहेत. पहिले अज्ञानाचे, ते आपण पाहिलेच. दुसरे त्याहून मोठे. रास्नेस मोठे, जुने, खरखरीत सालीचे वृक्ष लागतात. रस्ते रुंद होताना, लाकडासाठी, किंवा बांध मोडून शेत वाढवताना असे वृक्ष तोडले जातात. वृक्ष आडवा झाला की त्यावरील रास्नाही संपते. मातीत पुरली तर तिच्या हवेस सरावलेल्या मुळ्या कुजून जातात. कोणी औषधासाठी, कोणी विक्रीसाठी रानातून रोपे ओरबाडून नेतात, ते निराळेच. वन्य प्राणी व वनस्पती यांच्या व्यापारावर निर्बंध घालणारा एक आंतरराष्ट्रीय करार १९७५ साली अमलात आला. त्याच्या यादीत आमरींचे संपूर्ण कुळ घातलेले आहे. आपल्या जिल्ह्यातील कन्नडच्या डोंगरांत १९८६ साली गौताळा औट्रम घाट अभयारण्य घोषित झाले. अभयारण्यातून कोणतीही वनस्पती उचलणे हा कायद्याने अपराध आहे.

परंतु बांधावरचा आंबा काही अभयारण्यात नसतो. त्याचे रक्षण कायद्याने होणार नाही. ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांनीच होईल. तुमच्या शेतातील किंवा गावातील एखादा जुना वृक्ष काही कारणाने पडला, आणि त्यावर रास्ना आढळली, तर तिला वाचवता येते. ज्या सालीस ती चिकटली आहे त्या सालीच्या तुकड्यासकट तिला हलक्या हाताने सोडवावे. पावसाच्या आरंभी, खरखरीत सालीच्या दुसऱ्या आंब्यावर, जेथे कोवळे ऊन येते पण दुपारचा कडाका लागत नाही अशा जागी, सुतळीने किंवा काथ्याच्या दोरीने अलगद बांधावे. बुडाशी माती किंवा शेण लिंपू नये. ओढ पडल्यास सकाळी थोडे पाणी शिंपडावे. नव्या मुळ्या सालीवर धरू लागल्या की दोरी आपोआप कुजून गेली तरी चालते. उभ्या वृक्षावरची रास्ना मात्र कधीही काढू नये. ती आहे तेथेच सुखी असते.

सिल्लोडहून अजिंठ्याकडे जाताना, किंवा आपल्याच शिवारात हिंडताना, आता जुन्या वृक्षांकडे मान वर करून पाहत चला. शेंड्याकडच्या फांदीत गाठ दिसली, पुढची डहाळी वाळलेली दिसली, तर ते बांडगूळ समजा आणि वडीलधाऱ्यांस दाखवा. खोडावर करड्या मुळ्यांचे जाळे आणि दुहेरी रांगेची पाने दिसली, तर ती रास्ना समजा. आणि कोणी कोयता उचललाच, तर नम्रपणे, पण स्पष्टपणे सांगा, "काका, थोडे थांबा. ही झाडास खाणारी नव्हे; ही नुसती झाडावर राहणारी आहे."

शब्दार्थ

धसकट : पीक कापल्यावर जमिनीत राहिलेला बुडखा. परोपजीवी : दुसऱ्या जिवाच्या अन्नपाण्यावर जगणारा. अपिवनस्पती : दुसऱ्या वनस्पतीवर केवळ आधारासाठी राहणारी वनस्पती. व्रण : जखमेची खूण. टीपकागद : शाई टिपून घेणारा कागद. पन्हळ : पाणी वाहून नेणारी उघडी नळी. ओष्ठ : ओठ; येथे, आमरीच्या फुलातील वेगळी पाकळी. शिदोरी : प्रवासासाठी बरोबर घेतलेले अन्न. कुलिंजन : आल्याच्या कुळातील एक औषधी वनस्पती.

स्वाध्याय

१. बांडगूळ व रास्ना यांतील भेद चार वाक्यांत सांगा.
२. रास्नेची मुळी कोरडी असताना पांढरी व भिजल्यावर हिरवट का दिसते?
३. पावसाच्या पहिल्या सरीचे पाणी रास्नेस विशेष उपयोगी का पडते?
४. "रास्ना लहानपणी परावलंबी असते," या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
५. एडमंड आल्बियस याची गोष्ट या पाठात कशासाठी सांगितली असावी, असे तुम्हांस वाटते?
६. 'वृक्षरुहा' व 'वृक्षादनी' या शब्दांचे अर्थ सांगा. एकाच वस्तूस हे दोन्ही शब्द लावल्याने कोणता घोटाळा झाला?
७. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : तळ गाठणे, जीव धरून असणे, तग धरणे, खर्ची पडणे.
८. 'बांडगूळ' हा शब्द माणसांस लावला जातो. वनस्पतींची किंवा प्राण्यांची अशी आणखी कोणती नावे माणसांस लावली जातात? ती न्याय्य आहेत काय? वर्गात चर्चा करा.

उपक्रम : आपल्या गावातील दहा जुन्या वृक्षांची यादी करा. प्रत्येकावर कोणकोणत्या वनस्पती राहतात, त्या परोपजीवी आहेत की अपिवनस्पती, हे पाहून नोंद ठेवा. झाडावर चढू नका आणि कोणतेही रोप उपटू नका. केवळ पाहा, चित्र काढा आणि वहीत तारीख लिहा.